अधिकाऱ्याने ब्लॉक केलं, तर नागरिकाचा हक्क कुठे उभा राहतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका नागरिकाने आपल्या प्रभागातल्या अर्धवट सोडलेल्या गटारकामाचे फोटो महापालिका आयुक्तांच्या एक्सवरच्या खात्याखाली टाकले आणि काम कधी पूर्ण होणार, असं वारंवार विचारलं. उत्तर आलं नाही. आयुक्तांच्या खात्यावरून त्याला ब्लॉक केलं गेलं. त्याच प्रभागाच्या माजी नगरसेवकाने फेसबुक पेजवरची त्याची कमेंट उडवली आणि तिथेही त्याला बंदी घातली. हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे का, आणि कोर्टात जाता येईल का?

निष्कर्ष आधी सांगते, कारणं मागून. आयुक्तांविरुद्ध तुमची बाजू चांगली आहे. माजी नगरसेवकाविरुद्ध जवळजवळ काहीच नाही. आणि आयुक्तांच्या बाबतीतसुद्धा कोर्टाची पायरी शेवटची आहे. तिच्याआधी दोन-तीन गोष्टी केल्याशिवाय वर चढू नका.

दोघांत फरक का, ते बघू. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) मधला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध बजावता येतो, आणि राज्यसंस्थेत कोण येतं ते अनुच्छेद १२ सांगतो: केंद्र आणि राज्य सरकारं, संसद, विधिमंडळं, स्थानिक प्राधिकरणं आणि इतर प्राधिकरणं. महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत ही सगळी स्थानिक प्राधिकरणं. आयुक्त आयुक्त म्हणून बोलतात तेव्हा महापालिका बोलत असते. माजी नगरसेवक मात्र आज कुठल्याच पदावर नाही. त्याचं पेज हे त्याचं व्यासपीठ आहे, आणि आपल्या व्यासपीठावर कुणाला बोलू द्यायचं हे ठरवणं हा त्याच्याही स्वातंत्र्याचाच भाग आहे. आवडत नसलं तरी हे मान्य करायला हवं.

तो विद्यमान नगरसेवक किंवा आमदार असता तर? तरीही प्रकरण सोपं झालं नसतं. एकटा नगरसेवक म्हणजे महापालिका नव्हे आणि एकटा आमदार म्हणजे विधानसभा नव्हे. त्याला प्रश्न विचारता येतात, ठराव मांडता येतो, मतदान करता येतं. पण सरकारच्या वतीने निर्णय जाहीर करण्याचा अधिकार त्याला पदामुळे मिळत नाही. मंत्र्याचं तसं नाही. त्याच्याकडे खातं असतं, तो निर्णय घेतो आणि ते लोकांना सांगणं हा त्याच्या कामाचा भाग असतो. म्हणून 'लोकप्रतिनिधी' हा एकच शिक्का सगळ्यांवर मारू नका. या माणसाला सरकारच्या वतीने बोलायचा अधिकार कुणी दिला आणि कोणत्या विषयावर दिला, इथून सुरुवात करा.

काही वकील मित्र इथे २०२३ चा कौशल किशोर निकाल पुढे करतात. त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने म्हटलं की अनुच्छेद १९ आणि २१ मधले हक्क राज्यसंस्थेखेरीज इतरांविरुद्धही बजावता येऊ शकतात. वाचायला मोहक आहे, पण खाजगी पेजवरच्या बंदीविरुद्धची याचिका मी तरी या एका वाक्यावर उभी करणार नाही. हे तत्त्व कुठवर न्यायचं हे अजून न्यायालयांत घडतं आहे. शिवाय त्याच निकालात असंही म्हटलं आहे की मंत्र्याचं विधान आपोआप सरकारच्या माथी मारता येत नाही. म्हणजे तो निकाल दोन्हीकडून वापरला जाऊ शकतो. त्यातला खरा कामाचा भाग वेगळाच आहे. त्याकडे पुढे येते.

आता खात्याकडे वळू, कारण अशा प्रकरणात निम्मी लढाई हे खातं कुणाचं, या एका मुद्द्यावर होते. आयुक्तांचं खातं दोन प्रकारचं असू शकतं. एक पदाच्या नावाचं, जे बदली झाली की पुढच्या आयुक्तांच्या हाती जातं. दुसरं व्यक्तीच्या नावाचं, जे त्यांच्यासोबत पुढच्या जिल्ह्यात जातं. पहिल्या प्रकारात वाद जवळजवळ संपतो. खुर्चीबरोबर हस्तांतरित होणारी गोष्ट खाजगी कशी असेल? एक्सवर सरकारी खात्यांना करड्या रंगाची खूण मिळते, तीही बघून ठेवा. निळ्या खुणेवरून मात्र काही सिद्ध होत नाही, ती आता पैसे भरून मिळते.

खरी गुंतागुंत दुसऱ्या प्रकारात. व्यक्तीच्या नावाचं खातं, परिचयात 'मतं वैयक्तिक' अशी ओळ, आणि खाली पाणीकपातीचं वेळापत्रक, रस्ता बंद असल्याची सूचना, अतिक्रमण कारवाईचे फोटो. अधूनमधून मुलीच्या वाढदिवसाचाही फोटो. याला काय म्हणायचं?

नेमक्या याच गुंत्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२४ रोजी लिंडके विरुद्ध फ्रीड या खटल्यात एकमताने निकाल दिला. अमेरिकेचा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण विचाराची पद्धत उपयोगी आहे म्हणून थोडं सविस्तर सांगते. मिशिगन राज्यातल्या पोर्ट ह्युरॉन या शहराचे सिटी मॅनेजर, म्हणजे साधारण आपल्या आयुक्तांसारखं पद, विद्यार्थिदशेपासून फेसबुक वापरत होते. मित्रांची पाच हजारांची मर्यादा गाठल्यावर त्यांनी प्रोफाइलचं पेज केलं. त्यावर कुटुंब, कुत्रा, बायबलमधली वचनं आणि शहराच्या कामाच्या बातम्या असं सगळं एकत्र असायचं. हे फ्रीड. कोविडच्या काळात लिंडके नावाच्या एका रहिवाशाने त्या पेजवर शहराच्या कारभारावर टीका केली. आधी कमेंट उडवल्या गेल्या, मग तो ब्लॉक झाला.

न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी लिहिलेल्या निकालात दोन कसोट्या आहेत आणि दोन्ही पार व्हाव्या लागतात. पहिली: त्या विशिष्ट विषयावर सरकारच्या वतीने बोलण्याचा प्रत्यक्ष अधिकार त्या अधिकाऱ्याकडे होता का? दुसरी: ती पोस्ट लिहिताना तो हाच अधिकार वापरतो आहे असं दिसत होतं का? निकालात एक उदाहरण आहे. शाळा-मंडळाच्या अध्यक्षाने मंडळाच्या सभेत कोविडचे निर्बंध उठल्याचं जाहीर केलं तर ती सरकारी कृती. तेच त्याने घरच्या परसात मित्रांच्या पार्टीत सांगितलं तर ती खाजगी गप्पा. शब्द तेच असले तरी भूमिका बदलली.

त्या निकालातला आणखी एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. कमेंट उडवणं आणि माणसाला ब्लॉक करणं या दोन वेगळ्या कृती आहेत. कमेंट उडवली तर ती कोणत्या पोस्टखाली होती एवढंच तपासायचं. ब्लॉक मात्र सगळ्या पेजला लागू होतो. म्हणजे वाढदिवसाच्या फोटोखाली नको असलेल्या माणसाला बाहेर काढताना पाणीकपातीच्या सूचनेखालचा त्याचा प्रश्नही बंद होतो. त्यामुळे दोन्ही प्रकारच्या पोस्ट एकाच खात्यावर मिसळणाऱ्या अधिकाऱ्याने जोखीम स्वतःच ओढवून घेतलेली असते, असं न्यायालयाने स्पष्ट बजावलं.

ट्रम्प यांचा खटला याआधीचा आणि जास्त गाजलेला. त्यांनी ब्लॉक केलेल्या सात जणांसह कोलंबिया विद्यापीठातल्या नाइट इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये दावा लावला. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयात आणि २०१९ मध्ये अपिलात ट्रम्प हरले. खातं त्यांच्या नावाचं आणि अध्यक्ष होण्याच्या आधीपासूनचं होतं. तरी त्यावरून नेमणुका आणि धोरणं जाहीर होत होती, व्हाइट हाऊसचे कर्मचारी ते सांभाळायला मदत करत होते, आणि तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ती ट्वीट अधिकृत दस्तऐवज म्हणून जपायला सांगितली होती. मात्र ट्रम्प पायउतार झाल्यावर, एप्रिल २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण निरर्थक ठरल्याचं सांगून तो अपिलातला निकाल रद्दबातल केला. म्हणून आज कुणी 'ट्रम्प खटल्यात ठरलंय' असं छातीठोक सांगत असेल तर सावध राहा. त्यातली तथ्यं उपयोगी आहेत, निकाल आधार म्हणून उरलेला नाही.

भारतात सर्वोच्च न्यायालयाचा थेट या प्रश्नावर निकाल नाही. म्हणून आपल्याकडच्या याचिका बऱ्याचदा अमेरिकी उताऱ्यांनी भरलेल्या असतात, आणि सरकारी वकील उठून 'मायलॉर्ड, त्यांची पहिली घटनादुरुस्ती (अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणारी) इथे लागू नाही' एवढं म्हणून अर्धी हवा काढून घेतात. माझं म्हणणं असं आहे की आपल्याला परदेशात जायची गरजच नाही. आपल्याकडे १९९२ चा एक निकाल आहे जो या प्रकरणाला जवळजवळ मापाने शिवल्यासारखा बसतो, आणि तो फार कमी लोक वापरतात.

तो म्हणजे आयुर्विमा महामंडळ विरुद्ध प्रा. मनुभाई शहा. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण आणि संशोधन केंद्राचे मनुभाई शहा यांनी महामंडळाच्या कारभारामुळे विमाधारकांचं कसं नुकसान होतं यावर एक अभ्यास-निबंध लिहिला. महामंडळाच्या अधिकाऱ्याने त्याला 'द हिंदू' या वृत्तपत्रात उत्तर दिलं. शहांनी प्रत्युत्तर दिलं, तेही त्याच वृत्तपत्रात छापून आलं. इथपर्यंत दोन्ही बाजू सारख्या. मग महामंडळाने आपल्या 'योगक्षेम' या नियतकालिकात स्वतःच्या अधिकाऱ्याचा लेख पुन्हा छापला. शहांनी आपलंही प्रत्युत्तर छापा म्हटल्यावर मात्र नकार दिला. कारण काय, तर हे आमचं घरचं मासिक आहे, यात कुणाचं छापायचं ते आम्ही ठरवू.

सर्वोच्च न्यायालयाने ही सबब मान्य केली नाही. महामंडळ ही राज्यसंस्था आहे. मासिक सार्वजनिक पैशातून निघतं आणि बाहेरच्या माणसालाही विकत मिळतं. अशा ठिकाणी एकच बाजू छापून दुसरीला दार बंद करणं हे अन्यायाचं आणि अवाजवी आहे, आणि त्याने अनुच्छेद १४ (समानतेचा हक्क) आणि १९(१)(क) या दोन्हींचा भंग होतो, असं न्यायालय म्हणालं. सरकारी मासिकात काहीही छापून घ्यायचा सरसकट हक्क प्रत्येकाला आहे असा याचा अर्थ नाही. निकाल त्या प्रकरणाच्या वस्तुस्थितीवर आहे. पण आता मासिकाच्या जागी अधिकृत खातं ठेवून बघा. सार्वजनिक पैशातून पगार घेणारे जनसंपर्क विभागाचे कर्मचारी ते चालवतात. सर्वांना खुलं आहे. 'गटारकाम प्रगतिपथावर' अशी पोस्ट आयुक्त टाकतात, तिच्याखाली अभिनंदनाच्या कमेंट राहतात, आणि काम बंद असल्याचा फोटो टाकणारा तेवढा बाहेर. हे 'योगक्षेम'च आहे, फक्त पडद्यावरचं.

या निकालाचं दुसरं सामर्थ्य असं की त्यात अनुच्छेद १४ ही आहे. अभिव्यक्तीच्या हक्काला सरकारकडून हमखास येणारं उत्तर म्हणजे 'तुम्ही तुमच्या खात्यावर लिहा की, कोण अडवतंय?' या उत्तरात थोडं तथ्य आहे, ते नाकारून चालणार नाही. अधिकाऱ्याने आपलं ऐकलंच पाहिजे असा हक्क कुणालाच नाही. आयुक्तांनी तुम्हाला म्यूट केलं असतं तर मी तुम्हाला सरळ सोडून द्या म्हटलं असतं. म्यूटमध्ये तुमचा आवाज इतर लोकांपर्यंत जातो, फक्त साहेबांना दिसत नाही. पण ब्लॉकमध्ये अधिकारी नुसते कान झाकत नाहीत, बाकीच्या हजारो लोकांसमोर चाललेल्या चर्चेतून एका माणसाला वेगळं काढतात. सरकारने चालवलेली सोय सगळ्यांना खुली आणि टीका करणाऱ्या एकाला बंद, हा समानतेचा प्रश्न आहे. तिथे 'दुसरीकडे लिहा' हे उत्तर पुरत नाही.

यानंतर कौशल किशोर निकालातला कामाचा भाग. अनुच्छेद १९(२) मध्ये ज्या कारणांसाठी अभिव्यक्तीवर वाजवी निर्बंध घालता येतात ती यादी संपूर्ण आहे, तीत भर घालता येत नाही, असं घटनापीठाने पुन्हा स्पष्ट केलं. देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता आणि नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. अधिकाऱ्याला अवघडल्यासारखं होणं यात कुठेच नाही. शिवाय निर्बंध कायद्याने घालावा लागतो. १९८६ च्या बिजोई इमॅन्युएल प्रकरणात केरळच्या शाळेतून राष्ट्रगीत न म्हटल्याबद्दल काढलेल्या मुलांना न्यायालयाने परत घ्यायला लावलं, त्यातलं एक महत्त्वाचं कारण असं होतं की शिक्षण खात्याच्या परिपत्रकांना कायद्याचा आधार नव्हता. खात्याची सूचना म्हणजे १९(२) मधला कायदा नव्हे. मग कुठल्याच परिपत्रकाशिवाय, कुणीतरी मोबाइलवर बोट दाबून घेतलेल्या निर्णयाला कोणता आधार?

तुमची बाजू चांगली म्हणते ती या तीन गोष्टींमुळे. आता ती बिघडते कशाने, तेही ऐका. पहिल्याच भेटीत मी प्रत्येक अशिलाला त्याच्या सगळ्या कमेंट छापून आणायला सांगते, आणि तिथेच बरीच प्रकरणं गळतात. गटाराबद्दलच्या नऊ कमेंट व्यवस्थित, दहावीत आईबहिणीवरून शिवी. समोरच्या शपथपत्रात फक्त दहावी जोडलेली असते. न्यायमूर्तींनी ती वाचली की आधीच्या नऊ कुणी वाचत नाही. अधिकारी महिला असेल आणि मजकूर लज्जास्पद असेल, तर भारतीय न्याय संहितेखाली तुमच्यावरच गुन्हा होऊ शकतो. बदनामीचं कलम ३५६ आहे; त्यात लोकसेवकाच्या सार्वजनिक कामावर सद्भावनेने मत मांडण्याला अपवाद दिलेला आहे, पण 'कंत्राटदाराकडून इतके लाख खाल्ले' हे मत नव्हे, आरोप आहे, आणि आरोपाला पुरावा लागतो.

एकच मजकूर पुन्हा पुन्हा टाकण्याचं काय? कॅलिफोर्नियातल्या एका शाळा-मंडळाच्या प्रकरणात पालकाने सुमारे दहा मिनिटांत २२६ ट्वीटखाली एकच उत्तर चिकटवलं होतं. तिथल्या अपील न्यायालयाने तरीही ब्लॉक चुकीचा ठरवला. प्रतिसाद एक्सवर आपोआप दुमडले जातात, त्याने इतरांच्या बोलण्यात खरा अडथळा आला नाही, असं म्हटलं. तो निकालही पुढे लिंडकेच्याच दिवशी बाजूला ठेवला गेला. आपल्या न्यायालयात एवढा उदारपणा गृहीत धरू नका. प्रश्न एकदा विचारा, काही दिवसांनी स्मरण द्या, प्रत्येक वेळी नवा फोटो आणि तारीख द्या. स्मरण आणि मारा यांतला फरक न्यायाधीशाला लगेच कळतो.

'ब्लॉक असला तरी लॉग-आउट करून वाचता येतं' हा बचावही येईल. एक्सने नोव्हेंबर २०२४ पासून ब्लॉकची पद्धतच बदलली: ब्लॉक केलेल्या माणसाला सार्वजनिक पोस्ट आता दिसतात, फक्त उत्तर देता येत नाही. फेसबुक पेजवरच्या बंदीतही साधारण तसंच, पोस्ट दिसतात पण कमेंट करता येत नाही. त्यामुळे माहिती मिळण्याच्या हक्काचा मुद्दा थोडा कमकुवत झाला आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करून याचिका बोलण्याच्या हक्कावर आणि समानतेवर उभी करा. इन्स्टाग्रामवर मात्र ब्लॉक म्हणजे दिसणंही बंद. तिथे पाणी, पूर, रहदारी यांच्या सूचना निघत असतील तर माहितीचा मुद्दा पूर्ण ताकदीने मांडा.

आता करायचं काय. आधी पुरावा. ब्लॉक झाल्याचा स्क्रीनशॉट, तारीख-वेळ दिसेल असा. तुमच्या कमेंट ज्या पोस्टखाली होत्या त्या पोस्ट, संपूर्ण. खात्याचा परिचय. आणि हे बहुतेक जण विसरतात: त्याच खात्यावरच्या सरकारी कामाच्या किमान पंधरा-वीस पोस्ट, तसंच इतर नागरिकांच्या तक्रारींना दिलेली 'संबंधित विभागाला कळवलं आहे' अशी उत्तरं. ही उत्तरंच सिद्ध करतात की खातं तक्रारी घेण्यासाठी वापरलं जातं. हे सगळं कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. ज्या फोनवर स्क्रीनशॉट घेतले तो फोन विकू नका, रिसेट करू नका.

मग माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपये शुल्क, एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून नेमकं लिहा. 'मला ब्लॉक का केलं' असं विचारलंत तर जनमाहिती अधिकारी 'कारणे विचारणे ही माहिती नव्हे' असं छापील उत्तर देतील. त्याऐवजी असं मागा: अमुक खातं चालवण्यासाठी नेमलेल्या कर्मचाऱ्यांची किंवा संस्थेची नावं आणि नेमणुकीचा आदेश, त्यावर झालेल्या खर्चाची नोंद, कमेंट काढणं आणि ब्लॉक करणं यासंबंधीचं धोरण किंवा परिपत्रक यांची प्रत, आणि माझं खातं ब्लॉक करण्याबाबतची टिपणी किंवा आदेश यांची प्रत. शेवटी एक ओळ घाला की अधिनियमाच्या कलम ४(१)(घ) नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला कळवणं हे कार्यालयाचंच कर्तव्य आहे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील, आणि ते नक्की करा, सोडून देऊ नका.

येणाऱ्या उत्तराचे दोनच प्रकार असतात आणि दोन्ही तुमच्या कामाचे आहेत. 'असा आदेश अभिलेखावर नाही' असं आलं, तर निर्णय कुठल्याही नोंदीशिवाय, कुठल्याही कारणाशिवाय घेतला हे त्यांनीच लिहून दिलं. मग शपथपत्रात कितीही कारणं रचली तरी १९७८ च्या मोहिंदर सिंग गिल निकालाचं तत्त्व पुढे करता येतं: निर्णयाचं समर्थन निर्णयाच्या वेळच्या कारणांवर व्हायला हवं, नंतर जोडलेल्या कारणांवर नाही. दुसरा प्रकार म्हणजे 'सदर खाते मा. आयुक्तांचे वैयक्तिक असून कार्यालयाशी संबंध नाही'. अशा वेळी लोक खचतात, आणि मला तिथेच उत्साह येतो. वैयक्तिक आहे ना? मग त्यावरून पालिकेच्या सूचना का निघतात, पालिकेचा जनसंपर्क विभाग ते का सांभाळतो, आणि पालिकेच्या संकेतस्थळावर त्याची लिंक का आहे? महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये काढलेल्या शासन निर्णयात कर्मचाऱ्यांनी वैयक्तिक आणि कार्यालयीन समाजमाध्यम खाती वेगवेगळी ठेवावीत असं सांगितलेलं आहे. म्हणजे हे उत्तर देणारं कार्यालय आपल्याच साहेबांना त्या शासन निर्णयासमोर उभं करत असतं. ही प्रत जोडून पुढचं पत्र पाठवलं की खूपदा ब्लॉक गुपचूप निघतो.

ते पुढचं पत्र म्हणजे निवेदन. आयुक्तांना, प्रत नगरविकास विभागाच्या प्रधान सचिवांना. एक पानाचं. भाषा सौम्य, मागणी स्पष्ट: ब्लॉक काढा, किंवा पंधरा दिवसांत लेखी कारण द्या. परमादेशाची रिट, म्हणजे प्राधिकरणाने आपलं कर्तव्य करावं असा न्यायालयाचा आदेश, मागताना आधी मागणी केली होती आणि ती नाकारली किंवा दुर्लक्षिली गेली, हे दाखवावं लागतं. हे पत्र नसेल तर पहिल्याच तारखेला 'आधी प्राधिकरणाकडे जा' असं ऐकून परत यावं लागतं.

एक फाटा व्हॉट्सॲपचा, कारण गावांतून याच प्रकारच्या तक्रारी जास्त येतात. सरपंच किंवा ग्रामसेवक ॲडमिन असलेल्या 'ग्रामपंचायत' ग्रुपमधून हिशेब विचारणाऱ्याला काढून टाकतात आणि कारण देतात की उद्या काही वादग्रस्त आलं तर ॲडमिनवर गुन्हा होईल. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलं आहे की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार ठरत नाही. सामाईक हेतू दाखवावा लागतो. त्यामुळे ती भीती निराधार आहे. तरी ग्रुपमध्ये परत घेण्यासाठी रिट करा असं मी सांगणार नाही. ग्रामसभा हा तुमचा कायद्याने दिलेला मंच आहे, तिथून तुम्हाला कुणी काढू शकत नाही. हिशेबाचा प्रश्न तिथे विचारा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. ग्रुपवर निघणारी प्रत्येक सूचना फलकावरही लागली पाहिजे, ही लेखी मागणी मात्र जरूर करा. एका गावात पाणी सोडण्याच्या वेळा फक्त ग्रुपवर येत होत्या आणि काढून टाकलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरात आठवडाभर पाणी भरलं गेलं नाही. तिथे अभिव्यक्तीचा मुद्दा मांडायचीही गरज पडली नाही. गटविकास अधिकाऱ्यांना दिलेल्या एका अर्जाने फलक लागला.

अधिकारीही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी दोन शब्द. रोज शिव्या खाणं हा तुमच्या नोकरीचा भाग नाही, आणि शिवीगाळ करणाऱ्याला आवरायचे मार्ग तुमच्याकडे आहेत. घरचं खातं वेगळं ठेवा, तिथे हवं त्याला ब्लॉक करा. कार्यालयाच्या खात्यावर कमेंटचे नियम वर लावून ठेवा, नियम मोडणारी कमेंट तेवढी लपवा, काढण्याआधी तिचा स्क्रीनशॉट फाइलला लावा. माणसाला बाहेर काढायची वेळ आलीच तर मुदतीसाठी काढा आणि त्याला कळवा. एवढं केलंत तर तुमच्याविरुद्ध याचिका टिकणं कठीण आहे.

आणि तुमची याचिका करायचीच वेळ आली तर: अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात, प्रतिवादी राज्य शासन आणि महापालिका, आयुक्त पदनामाने. नावाने व्यक्तिशः प्रतिवादी तेव्हाच करा जेव्हा वैयक्तिक आकसाचा आरोप आहे आणि तो सिद्ध करायची तयारी आहे. आकसाचा आरोप करून माणसाला प्रतिवादी न करणं हा दोष ठरतो, आणि विनाकारण प्रतिवादी केलं तर प्रकरण भांडणासारखं दिसू लागतं. एक्स किंवा मेटा कंपनीला ओढू नका, ब्लॉक त्यांनी केलेला नाही. मागणी तीनच ठेवा: ब्लॉक काढण्याचा आदेश, कारण आणि सूचना न देता कुणालाही ब्लॉक करू नये यासाठी महापालिकेने ठरावीक मुदतीत लेखी धोरण करावं असा निर्देश, आणि तोवर अंतरिम दिलासा म्हणून तुमचं खातं खुलं करणं. भरपाई मागू नका, त्याने न्यायालयाचं लक्ष मूळ मुद्द्यावरून हटतं. सरकारी वकील पहिल्या तारखेला 'ब्लॉक काढला आहे, याचिका निरर्थक झाली' असं निवेदन करतील. तेव्हा उठून दुसऱ्या मागणीवर बोला, आणि निदान पुढे असं होणार नाही हे त्यांचं विधान आदेशात नोंदवून घ्या.